वळणावर न वळलेली गाडी

पोलीस खात्यात वर्षे काढली की माणसाचा राग हळूहळू निवतो. माझाही बराचसा निवला. खुनी माणसांबरोबर बसून मी चहा प्यालो आहे आणि दरोडेखोरांच्या घरची भाकरीही खाल्ली आहे. निवृत्तीनंतर त्यातली पुष्कळ माणसे मला बिचारी वाटू लागली. घाटातल्या त्या टॅक्सीच्या प्रकरणात मात्र तसे झाले नाही. ते आठवले की आजही अंगाचा तिळपापड होतो. त्यात कुणी कुणावर हत्यार उगारले नव्हते. जो खरा दोषी होता, तो तर घटनेच्या वेळी तिथून कितीतरी मैल लांब, पंख्याखाली बसला होता.

नावे लिहीत नाही. काही माणसे हयात आहेत, काहींची मुले-नातवंडे आहेत.

सत्तरचे दशक संपत आले होते. महाबळेश्वरकडे जाणाऱ्या घाटाखालच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. मे महिना म्हणजे आम्हाला उसंत नसे. पुण्या-मुंबईची माणसे वर हवा खायला जात आणि त्यांच्या हरवलेल्या बॅगा, हॉटेलवाल्यांशी झालेली भांडणे आमच्या पदरात पडत. अशाच एका दुपारी एसटीचा एक कंडक्टर घामाघूम होऊन ठाण्यात आला आणि घाटात टॅक्सी खाली गेली म्हणाला. ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरीत नोंद घ्यायला सांगून मी जीप काढली.

कठडा तोडून गाडी खालच्या झाडीत अडकली होती. आत पुण्याचे एक जोडपे होते. नवरा बँकेत नोकरीला होता, लग्नाला फार वर्षे झालेली नव्हती. बायको जागीच गेली होती. नवऱ्याचा हात मोडला होता आणि त्याच मोडक्या हाताने तो तिच्या तोंडावरचे केस बाजूला करत होता. ड्रायव्हर थोडा वर एका दगडावर बसला होता. कपाळावर खोक होती, पण तो शुद्धीवर होता. त्याचे डोळे मात्र नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसासारखे दिसत होते.

पंचनामा करताना एक गोष्ट मला खटकली. रस्त्यावर ब्रेकची खूण कुठेच नव्हती. चाके सरळ जाऊन कठड्याला भिडली होती. मी घाटातले बरेच अपघात पाहिले होते. प्यालेला माणूससुद्धा दरी दिसली की ब्रेकवर पाय मारतोच. डुलकी लागलेला माणूस शेवटच्या क्षणाला दचकतो, स्टिअरिंग वेडेवाकडे ओढतो. इथे यातले काहीच झालेले नव्हते. गाडीत जणू ड्रायव्हरच नव्हता.

मोटार वाहन निरीक्षकाने गाडी तपासली. ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक. सरकारी डॉक्टरांनी ड्रायव्हरला तपासून दारूचा वास नाही असे लिहून दिले. नवऱ्याने इस्पितळातल्या खाटेवरूनच फिर्याद दिली. एकेक शब्द जुळवत तो म्हणाला, "वळण आलं, आणि त्यानं गाडी वळवलीच नाही. मी ओरडलो. त्याची मान खाली गेली होती. साहेब, तो झोपला होता. माझ्या बायकोला मारून तो आता जिवंत बसलाय."

निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा, म्हणजे कलम ३०४ अ चा गुन्हा दाखल झाला आणि ड्रायव्हरला अटक झाली. गुन्हा जामीनपात्र होता, पण जामीनदार गावाहून यायला दुसरा दिवस उजाडणार होता. तोवर तो आमच्या कोठडीत राहिला.

चाळिशीचा, सडसडीत, मिशीवाला माणूस. सातारा तालुक्यातल्या एका गावचा, शेतकरी घरातला. सैन्यात ड्रायव्हर होता, बर्फातल्या रस्त्यांवर ट्रक चालवून आलेला. महाबळेश्वरच्या स्टँडवर त्याला मान होता. असा माणूस भरदुपारी डुलकी घेतो, हे मला पटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच स्टँडवरचा दुसरा एक टॅक्सीवाला ठाण्यात आला. बराच वेळ बाहेरच्या बाकावर बसून राहिला. पोलिसाला माणूस कळतो तो त्याच्या बसण्यावरून. तक्रार करायला आलेला माणूस बाकाच्या कडेवर बसतो. मनात काही ठेवून आलेला माणूस भिंतीजवळ सरकून बसतो, पण पाठ टेकवत नाही. मी त्याला आत बोलावले.

"सायेब, माझं नाव कुठं घालू नका," तो म्हणाला. "पर ह्यो माणूस दारू पीत न्हाई, झोपत बी न्हाई. ह्याला फिट येती. फाल्गुनात स्टँडवर गाडी पुसता पुसता पडला. आमी पाणी मारलं, उठला. म्हनला, कुनाला सांगू नगा, लायसन जाईल."

"म्हणजे फिट येते हे माहीत असून गाडी चालवत होता?"

"व्हय. पर सायेब, आदी कवा न्हवतं असं. हे ह्या वर्साचंच हाय."

त्या वेळी मला वाटले की गुन्हा उलगडला. झटके येतात हे लपवून माणसे घाटातून न्यायची, यापेक्षा मोठा निष्काळजीपणा कोणता? मी त्याला कोठडीतून काढून समोर बसवले. त्याची बायको डबा घेऊन आली होती, ती दाराशी उभी होती. तिने डब्यातली भाकरी दिली आणि एक गोळी त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती पाण्याबरोबर घेतली. भाकरीला त्याने हात लावला नाही.

"फाल्गुनात स्टँडवर पडला होतास?"

त्याने डबा बाजूला सरकवला.

"त्याआधी? त्यानंतर?"

"पडलो असंन, सायेब."

"मग गाडी का चालवलीस? एक बाई गेली. तिच्या नवऱ्याला काय सांगू?"

तो खाली बघत होता. "काल वळणावर छातीत पाखरू फडफडल्यावानी झालं," तो म्हणाला. "मग डोळ्यापुडं अंदार. म्होरलं कायबी म्हाईत न्हाई. डोळं उगडलं तवा आमी झाडीत व्हतो. सायेब, मला फाशी द्या, पर मी झोपलो न्हवतो."

"फिट येते हे कुणा डॉक्टरला दाखवलंस?"

त्याने दाराकडे, बायकोकडे पाहिले. मी आवाज चढवला. तो काही सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याचा चेहरा पांढरा पडला. हात छातीकडे गेला आणि तो बाकावरून सरळ फरशीवर आला. डोळे फिरले. मी नाडी धरली. बोटांखाली काहीच नव्हते.

त्याची बायको आत धावली. "काय केलंसा माज्या मालकास्नी? काय केलंसा?" तिने माझ्या शर्टाला हात घातला. हवालदाराने तिला मागे ओढले. बाहेर माणसे गोळा होऊ लागली. आरोपी ठाण्यात मेला की पोलिसाचे काय होते हे मला ठाऊक होते. पण खरे सांगायचे तर त्या क्षणी नोकरी वगैरे काही डोक्यात नव्हते. माझ्या हातात एक माणूस विझत होता आणि मला काहीही कळत नव्हते.

आणि मग नाडी परत आली. आधी एक-दोन उडत्या ठोक्यांनी, नंतर नीट. त्याने डोळे उघडले, इकडे तिकडे पाहिले आणि मला विचारले, "गाडी कुठं हाय?"

जीपमधून त्याला बायकोसह साताऱ्याला सिव्हिलमध्ये नेले. तिथे मुंबईला शिकून आलेल्या एक डॉक्टरीणबाई होत्या. पन्नाशीच्या जवळ आलेल्या, बोलायला तुटक. मी फिट म्हणताच त्यांनी मला थांबवले. "फिट कशावरून? हातपाय झाडले? जीभ चावली?" मी नाही म्हणालो. "नाडी?" मी नव्हती म्हणालो. त्या उठल्या आणि कार्डिओग्रामचे यंत्र आणायला सांगितले.

छातीवर आणि हातापायांवर तारा लावल्या. पट्टीवर रेघ उमटू लागली. बाईंनी पट्टी हातात धरून अंतर मोजले, पुन्हा मोजले. त्या मोजत असतानाच खाटेवर त्याचे डोळे पुन्हा फिरले. यंत्र चालूच होते. नीट चाललेली रेघ एकाएकी वेडीवाकडी झाली, मोठी झाली, लहान झाली. चऱ्हाटाला पीळ घालावा तशी ती स्वतःभोवती फिरत गेली. बाईंनी छातीवर जोराने मूठ मारली, परिचारिकेला हाका मारल्या. रेघ जशी बिघडली होती तशीच ताळ्यावर आली. शिरेतून औषध सुरू झाले.

बाई वळून त्याच्या बायकोकडे गेल्या. "हे कुठलं औषध घेतात?"

ती घाबरली. बराच वेळ नाही नाही म्हणत राहिली. शेवटी कमरेच्या पिशवीतून तिने बाटली काढली. त्यावर औषधाचे नाव नव्हते, कंपनीचेही नव्हते. चिकटपट्टीवर दोन इंग्रजी अक्षरे आणि एक आकडा, एवढेच होते.

"सांगलीच्या मोट्या डाक्टरांनी दिल्यात," ती म्हणाली. "छातीत धडधडायचं, म्हून. फुकट देत्यात वो. म्हनले, कुनाला दावू नगा, न्हाईतर लायसन जाईल. दर येळंला हीच पट्टी काढत्यात."

"दर वेळेला पट्टी काढतात?" बाईंनी विचारले.

"व्हय. सुरवातीला बी काडली. गोळी सुरू केल्यावर बी. लय मायाळू हायती."

बाई खुर्चीत बसल्या. मी त्यांना रागावलेले पाहत होतो, पण तो राग आमच्यावर नव्हता. त्यांनी पट्टी टेबलावर पसरली आणि मला पोरासारखे समजावून सांगितले. "हा उंच शेंडा दिसतो ना, तो हृदयाचा ठोका. त्यामागची ही बुटकी टेकडी म्हणजे हृदय पुढच्या ठोक्यासाठी सावरतंय. ठोक्याच्या सुरुवातीपासून टेकडी संपेपर्यंतचं अंतर मोजता येतं. काही औषधांनी ते अंतर लांबतं. थोडं लांबलं तर चालतं. फार लांबलं, तर सावरायच्या आतच पुढचा ठोका येऊन पडतो आणि सगळी लय सुटते. डोक्याला रक्त जात नाही, माणूस कोसळतो. लय आपली आपण परत आली तर उठतो. नाही आली, तर संपतो."

"म्हणजे ही गोळी?"

"ही गोळी कसली ते मला माहीत नाही, आणि बाजारात अशी गोळी मी पाहिलेली नाही. पण याचं अंतर बघा, कुठल्या कुठे गेलंय. बरं, याला जुलाब झाले होते का?"

झाले होते. आठवडाभर पोट बिघडले होते. जुलाबांबरोबर अंगातले क्षार जातात आणि मग अशा गोळीचा जोर आणखी वाढतो, असे बाई म्हणाल्या. मग पट्टीवर बोट ठेवून त्यांनी जे सांगितले, त्यावर पुढचा सगळा तपास उभा राहिला. "फौजदार, ही रेघ काही काल लांबली नाही. ज्यानं याच्या पट्ट्या काढल्या, त्यानं हे पाहिलंय. पाहिलं नसेल, तर तो डॉक्टर नाही. पाहिलं असेल, तर तो कोण आहे हे तुम्ही शोधा."

गोळी बंद केली. दोन-तीन दिवसांनी काढलेल्या पट्टीत ती टेकडी बरीच मागे सरकली होती. माणूस पुन्हा पडला नाही.

मी परत महाबळेश्वरच्या स्टँडवर गेलो आणि त्या टॅक्सीवाल्याला गाठले. आता तो मोकळेपणाने बोलला. सांगलीचे हे डॉक्टर गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कुटुंबासह आले होते. याच ड्रायव्हरच्या गाडीतून त्यांनी सगळे महाबळेश्वर पाहिले. एका पॉइंटवर ड्रायव्हर छाती धरून बसला, तेव्हा त्यांनी नाडी पाहिली आणि सांगलीला ये, तुझ्यावर फुकट उपचार करतो म्हणाले. संक्रांतीच्या सुमारास गोळी सुरू झाली.

"मग ह्या मे म्हैन्यात डाक्टर परत आलं," टॅक्सीवाला म्हणाला. "ह्यो तर गाडी धुऊन पुसून, दार उगडून हुबा. डाक्टरांनी ह्येच्याकडं बगून हात केला, आन् जाऊन माज्या गाडीत बसलं. बायकापोरांस्नी बी माज्याच गाडीत घातलं. ह्याला लय वाईट वाटलं गड्याला. दोन दिवस जेवला न्हाई. म्हनला, माजं काय चुकलं रं?"

मी ते ऐकले आणि स्टँडवरच उभा राहिलो. पोलिसाला पुरावा मिळाला की आनंद होतो, अशी लोकांची समजूत आहे. मला त्या क्षणी तो झाला नाही.

सांगलीला विश्रामबागेत त्या डॉक्टरांचा दवाखाना होता. जिल्हा दुसरा, म्हणून तिथल्या ठाण्याला रीतसर कळवले, दोन पंच घेतले आणि कागदपत्रे हजर करण्याची नोटीस घेऊन गेलो. बाहेर व्हरांड्यात खेड्यांतली माणसे उकिडवी बसली होती. आत डॉक्टर पांढऱ्या शर्टात, शांत. भिंतीवर पुढाऱ्यांबरोबरचे फोटो होते. त्यांनी चहा मागवला.

"फौजदारसाहेब, याचं हृदय मुळातच कमकुवत होतं," ते म्हणाले. "मी धर्मादाय उपचार केले. त्याचं हे फळ?"

"गोळी कसली होती?"

"मुंबईच्या कंपनीची. नवीन आहे, फार चांगली आहे. बाजारात अजून यायची आहे. गरिबांना आधी मिळाली तर वाईट काय?"

"त्याच्या पट्टीतलं अंतर लांबलं होतं, हे तुम्हाला दिसलं होतं?"

ते हसले. अडाण्याला शिकवावे तसे म्हणाले, "अहो, लांबणारच. औषध लागू पडल्याची तीच तर खूण. तेच आम्हाला बघायचं होतं, किती लांबतं ते. मी प्रत्येक पट्टी स्वतः मोजतो."

"आणि फार लांबलं तर माणूस पडतो, हेही माहीत होतं?"

"क्वचित. हजारात एखादा."

"तो ड्रायव्हर आहे, हे माहीत होतं?"

"पेशंटचा धंदा विचारत बसायला मला वेळ नसतो."

मी चहाचा कप बाजूला सारला. "मे महिन्यात तुम्ही महाबळेश्वरला गेला होता. तो दार उघडून उभा होता. दिवाळीत तुम्ही त्याच्याच गाडीतून फिरला होता. या वेळी तुम्ही मागच्या गाडीत बसलात. का?"

चौकशीत एक क्षण असा येतो, की माणूस खोटे शोधायला वेळ लागतो म्हणून खरे बोलून जातो. डॉक्टरांच्या तोंडून निघाले, "मुलं बरोबर होती."

खोलीत पंखा फिरत होता. माझ्याबरोबरच्या पंचांपैकी एकाने, तो बिचारा शेजारचा किराणा दुकानदार होता, कपाळाला हात लावला. डॉक्टरांना आपण काय बोललो ते उमगले. त्यानंतर ते वकिलाशिवाय एक अक्षर बोलले नाहीत.

त्यांची मुले बरोबर होती. पुण्याच्या त्या माणसाची बायको मात्र कुणाचीच कुणी नव्हती. मी हे लिहितानाही पेन थांबवून जरा उठून फिरून आलो.

पट्ट्या जप्त झाल्या. त्यात इतर रुग्णांच्याही होत्या, त्याच अक्षरांच्या गोळीच्या. सगळे खेड्यापाड्यांतले, फारसे प्रश्न न विचारणारे. मी साताऱ्याला फोन केला. डॉक्टरीणबाई रजा टाकून सांगलीला आल्या. ठाण्यातल्या लांब बाकावर पट्ट्या पसरून त्या उभ्यानेच मोजत राहिल्या. बहुतेकांच्या रेघा थोड्या लांबल्या होत्या. त्यांना गोळी बंद करायचा निरोप धाडला. एक पट्टी मात्र त्यांनी हातातून खाली ठेवली नाही. "ही बाई कुठं राहते? हिला आज गाठायला हवं. हिची रेघ त्या ड्रायव्हरपेक्षा लांब आहे."

"ती पडेल म्हणता?"

"पडली असेल. उठली असेल तर नशीब."

ती बाई कृष्णाकाठच्या एका गावात राहत होती. हळदीच्या पेठेत हळद निवडायला जायची. आम्ही पोचलो तेव्हा ती ओट्यावर बसली होती, हात कोपरापर्यंत पिवळे. पोलिसांची जीप पाहून नवरा पुढे आला. गोळी बंद करा म्हटल्यावर तो बिथरला. "तुमी पोलीस, तुमाला काय कळतंय? डाक्टरसायेबांनी सांगितलंय, येक बी गोळी चुकवायची न्हाई."

डॉक्टरीणबाई त्याच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. त्या ओट्यावर जाऊन तिच्याशेजारी टेकल्या. "अलीकडे डोळ्यांपुढे अंधार येतो का गं?"

तिने नवऱ्याकडे पाहिले आणि मान हलवली. "आडावर दोन बारीला पडले. ह्यांना सांगितलं न्हाई. कामावरनं काढत्याल म्हून."

मग नवऱ्यानेच तिला जीपमध्ये बसवले. त्या दिवशी इस्पितळात तिची लय दोनदा सुटली आणि दोन्ही वेळा आवरली. ती वाचली. पेठेत ती पुढे कितीतरी वर्षे हळद निवडत होती.

दुसऱ्या एका घरी आम्ही उशिरा पोचलो. तो माणूस फौजेतून निवृत्त होऊन आलेला होता, पाऊस पडून गेल्यावर बांध बघायला जावा तसा एका सकाळी चालत गेला आणि बांधावरच कोसळून मेला. ही गोष्ट आम्ही पोचण्याच्या आधीची, चैत्रातली. त्याच डॉक्टरांनी हार्ट अटॅक म्हणून दाखला दिला होता. दहन झालेले, पुरावा काही उरला नव्हता. भाऊ दारात उभा राहून ऐकत होता. सगळे ऐकून झाल्यावर तो एवढेच म्हणाला, "डाक्टर मयतीला आलता, सायेब. त्येच्या डोळ्यात पानी व्हतं."

ते पाणी खरे असेलही. मला आजवर त्याचा उलगडा झालेला नाही.

ड्रायव्हरविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल मी न्यायालयात दिला आणि तो सुटला. डॉक्टरांवर दोषारोपपत्र गेले. त्यांच्या बाजूने मुंबईहून वकील आले, तज्ज्ञ आले. औषध नवे आहे, शास्त्रात अजून एकमत नाही, जुलाबामुळे झाले नसेल कशावरून, असे दिवसच्या दिवस चालले. कंपनीने हात झटकले. नमुन्याच्या गोळ्या डॉक्टरांना अभ्यासासाठी दिल्या होत्या, पुढचे आम्हाला ठाऊक नाही म्हणाली. रुग्णांची संमती घेतल्याचा एक कागद कुणी दाखवू शकले नाही, आणि तो मागणारेही त्या काळात फारसे कुणी नव्हते. "मुलं बरोबर होती" हे वाक्य तर कोर्टापर्यंत आलेच नाही. आरोपी पोलिसांपुढे जे बोलतो ते त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. कायदा बरोबर आहे, आमच्यातल्याच काहींनी तो तसा करायला भाग पाडले आहे. पण त्या दिवशी मला तो गिळवत नव्हता. टॅक्सीवाल्याने मात्र साक्ष दिली, स्वतःचे नाव सांगून. वकिलाने त्याला विचारले, गिऱ्हाइकाने कुठल्या गाडीत बसावे हे तू ठरवणार का? कोर्टात लोक हसले.

डॉक्टरीणबाईंची उलटतपासणी मी मागच्या बाकावर बसून ऐकली. वकील त्यांना घेरत आला. "बाई, शास्त्राची शपथ घेऊन सांगा. पट्टी बघून, हा माणूस त्या दिवशी, त्या वळणावर पडेल, असं तुम्ही सांगू शकला असता?"

"नाही," बाई म्हणाल्या. "दिवस सांगता आला नसता. वळणही नाही."

वकील न्यायाधीशांकडे वळून हसला.

"पण घाटात गाडी चालवू नकोस, एवढं सांगता आलं असतं," त्या पुढे म्हणाल्या. "गोळी बंद कर, हेही. त्याला यंत्र लागत नाही."

संशयाचा फायदा देऊन डॉक्टर सुटले. विश्रामबागेतला दवाखाना पुढेही चालला. काही वर्षांनी त्यांचा जाहीर सत्कार झाला आणि बंदोबस्ताला मला जावे लागले. मी गणवेशात व्यासपीठाच्या कडेला उभा होतो. त्यांनी मला ओळखले. त्यांनी नजर वळवली नाही, उलट जुनी ओळख असल्यासारखी मान हलवली. त्या माणसाच्या मनात काडीचीही बोच नव्हती, हे मला तेव्हा कळले.

लोक विचारतात, इतक्या वर्षांच्या नोकरीने काय शिकवले. या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली, आणि ती शिकून माझा स्वभाव कडवट झाला. अपघात झाला की आपण चाकामागच्या माणसाला धरतो, कारण तो समोर असतो, रक्ताने माखलेला असतो. जो आधीपासून जाणत होता, तो तिथे नसतो. पुढे मी कुठल्याही गुन्ह्यात पहिला प्रश्न बदलला. कुणी केले हे नंतर. हे होणार असे कुणाला माहीत होते, आणि माहीत असून त्याने स्वतःच्या माणसांना कुठून नेले, हे आधी. या प्रश्नाने मला वरिष्ठांशी भांडणे दिली, एक-दोन बदल्या दिल्या. त्याची मला खंत नाही.

निकालाच्या दिवशी पुण्याचा तो नवरा आला होता. ड्रायव्हरही आला होता. त्याने पुन्हा गाडीच्या चाकाला हात लावला नव्हता, गावाकडे भावाबरोबर शेती करत होता. कोर्टाच्या आवारात दोघे समोरासमोर आले. ड्रायव्हरने हात जोडले आणि ते तसेच राहिले, खाली येईनात. बँकेतला माणूस त्याच्याजवळ आला. मग त्याने विचारले, "आता त्रास होतो का?"

"न्हाई, सायेब," ड्रायव्हर म्हणाला. "गोळी सोडल्यापास्नं न्हाई."

"मग बरं," तो म्हणाला. त्याने ड्रायव्हरचे जोडलेले हात आपल्या हाताने खाली केले आणि एसटी स्टँडची वाट विचारून निघून गेला. कोर्टाने कुणालाच दोषी धरले नव्हते. त्या आवारात शरमेने मान खाली घालून उभा असलेला माणूस एकच होता, आणि त्याचा काही गुन्हा नव्हता.